उजवा कान जोडलेला नाही

माझी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेली आणि जाताना आपल्या जागी दोन मशीनं ठेवून गेली. एक डाव्या कानात, एक उजव्या.

मला कमी ऐकू येतं ही गोष्ट मी सोडून घरातल्या सगळ्यांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होती. माझं म्हणणं एवढंच होतं की हल्ली लोक पुटपुटतात. पण विमानाचं तिकीट निघालं तशी ती म्हणाली, "इतके महिने मी नसणार. दारावरची बेल वाजली तर तुम्हाला सांगणार कोण?" आणि मला दंडाला धरून कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली.

खरं तर तिने मलाही बरोबर चला म्हटलं होतं. मी नको म्हणालो. इथलं बोलणंच मला निम्मं कळतं, तिथलं परक्या भाषेतलं निम्मं ऐकून मी काय करणार? विमानतळावरचा अधिकारी काहीतरी विचारणार, मी माझ्या सवयीप्रमाणे हसून 'येस' म्हणणार आणि त्याने नेमकं विचारलेलं असणार की सामानात काही स्फोटक आहे का. त्यापेक्षा घर बरं.

हसून 'हो' म्हणणं ही कमी ऐकू येणाऱ्या माणसाची विद्या आहे. समोरच्याचा चेहरा बघायचा. तो प्रसन्न असेल तर 'वा', गंभीर असेल तर 'अरेरे' आणि काहीच कळलं नाही तर 'हो, हो, उत्तम'. या तीन शब्दांवर मी निवृत्तीआधीची कितीतरी वर्षं निभावून नेली होती. त्यात मी होतो पाणीपुरवठा खात्यात, तक्रार विभागाचा प्रमुख. लोकांचं ऐकून घेणं हेच माझं काम. बायकोचं मत असं की माझे कान तिथेच वापरून झाले, घरी आणण्याइतके काही उरलेच नाहीत.

दवाखान्यातल्या मॅडम भल्या होत्या. त्यांनी मशीनं कानामागे बसवली आणि म्हणाल्या, "काका, ही ब्लूटूथवाली आहेत. फोन आला की आवाज थेट दोन्ही कानांत. काकू शेजारी बसून बोलतायत असं वाटेल."

हे वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं. मशीनं चांगली होती यात वादच नाही.

ती गेली. बाळ आलं, नात झाली. मुलीकडे सकाळ व्हायची तेव्हा माझ्याकडे संध्याकाळ असायची आणि त्या वेळी फोन यायचा. आता इथे एक पेच होता. मशीन घातलेल्या कानाला फोन टेकवला की मशीन अशी शिट्टी मारायचं की खालच्या रस्त्यावरची कुत्री वर बघायची. मशीन काढून फोन लावला तर शिट्टी नाही, पण बायकोही नाही. आणि तो थेट कानात येणारा आवाज काही केल्या येत नव्हता. फोन म्हणायचा, 'उपकरण शोधत आहे.' शोधत राहायचा. मग उरला स्पीकर. तो शेवटच्या रेघेपर्यंत चढवून, खिडकीपाशी उभं राहून मी माझ्या बायकोशी बोलू लागलो.

पहिल्यांदा लक्षात आलं ते जिन्यात. आमच्या बरोबर खाली एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई राहतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, ते दही आज संपवून टाका. वहिनी काल दोनदा म्हणाल्या ना."

"कुणाला म्हणाली?"

"तुम्हालाच. तुम्ही 'वा' म्हणालात."

मी कानकोंडा झालो. पण पुढे पुढे, खोटं कशाला बोलू, त्याची सोय वाटू लागली. स्पीकरवरचं बोलणं मला खळखळत्या पाण्यासारखं यायचं, आवाज भरपूर, शब्द थोडे. त्यामुळे फोन मी घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सारांश बाईंनी द्यायचा अशी विभागणी झाली. बाई मुद्देसूद सांगायच्या. नातीचं वजन, मुलीची तब्येत, गुडघ्याला मलम लावणे, पांघरुणं उन्हात टाकणे. संसार माझा, पण त्याचा अहवाल खालच्या मजल्यावरून यायचा.

असंच एका सकाळी बाई जिन्यात थांबल्या आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मन मोठं केलंत हो. आणखी सहा महिने एकट्याने काढायचे म्हणजे सोपं नाही."

मी कठडा धरला. "कोणी काढायचे?"

"वहिनींनी विचारलं ना परवा. मुलीची नोकरी सुरू होतेय, बाळ अगदी तान्हं आहे, तर तिकीट पुढे ढकलू का म्हणून. तुम्ही म्हणालात, 'हो, हो, उत्तम. अगदी तसंच कर.'"

"मी म्हणालो?"

"लगेच म्हणालात. त्यानंतर त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, बरं."

तो फोन मला आठवत होता. मला वाटलं होतं, ती पडदे धुवायला टाका म्हणतेय. पडदे मी धुवायला टाकलेही होते.

घरी आलो. बिनपडद्याच्या खिडक्यांतून भरपूर उजेड येत होता आणि त्या उजेडात घर होतं त्याहून मोठं दिसत होतं. तिची खुर्ची, तिचा चष्म्याचा जुना डबा, दाराआड लटकलेली तिची बाजाराची पिशवी. इतके दिवस मी मनातल्या मनात तिच्या येण्याचा दिवस धरून बसलो होतो आणि तो दिवस मीच हसत हसत उठवून लावला होता.

आता सांगायचं म्हणजे एवढंच सांगायचं होतं की राहू नकोस, ये. पण असलं वाक्य मी माझ्या बायकोला समोरासमोरही कधी म्हटलेलं नव्हतं. ते मुख्याध्यापिकाबाईंच्या डोक्यावर उभं राहून, स्पीकर लावून, ओरडून कसं म्हणणार? म्हटलं, लिहून पाठवू. पण तिचा चष्मा कायम दुसऱ्या खोलीत असतो आणि तिला आलेले निरोप मुलगी मोठ्याने वाचून दाखवते. ज्या मुलीला आईची गरज आहे तिलाच हे वाचायला लावायचं? मी 'ये' लिहिलं, ते हुकूम केल्यासारखं वाटलं, खोडलं. 'येतेस का' लिहिलं, ते चहाला बोलावल्यासारखं झालं, खोडलं. शेवटी 'हवा बरी आहे' असं लिहून पाठवलं. उलट एक अंगठा आला.

म्हणजे आवाज कानातच आला पाहिजे होता. नीट ऐकायचं, हळू बोलायचं, आणि दोघांतच. मी मशीनच्या मागे लागलो.

आमच्या समोरच्या घरात बिल्डिंगचे सेक्रेटरी राहतात. त्यांना सगळे सर्वज्ञ म्हणतात, आणि हे नाव टोमणा आहे हे फक्त त्यांना माहीत नाही. त्यांनी माझा फोन हातात घेतला, दोन बोटांनी इकडेतिकडे सरकवला आणि म्हणाले, "काका, आधी आजार फोनचा की मशीनचा हे ठरवू. तुमचा फोन माझ्या स्पीकरला जोडून बघतो." त्यांच्या बैठकीच्या खोलीत कपाटाएवढा एक स्पीकर आहे. तो क्षणात जोडला गेला, गाणं दणाणलं. सर्वज्ञ म्हणाले, "बघा. फोन ठणठणीत. आजार मशीनचा. नवीन घ्या." आणि निदान झाल्याच्या समाधानात ते जेवायला गेले.

जोडलेलं सोडवायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला, हॅलो म्हणालो. काहीच नाही. कानात नाही, फोनमध्ये नाही. मी हॅलो हॅलो करत राहिलो. तेवढ्यात जमिनीतून काहीतरी हादरे येतायत असं वाटलं. दार उघडलं तर समोरच्या घरातून माझ्या बायकोचा आवाज साऱ्या जिन्यात घुमत होता. आत बिल्डिंगच्या कमिटीची बैठक चालू होती. सगळी मंडळी हातातले कप तसेच धरून स्पीकरकडे बघत होती आणि स्पीकर सांगत होता, "आणि त्या समोरच्या सर्वज्ञांचं काही एक ऐकू नका. मागे त्यांनी गिझर बघितला तर बाथरूमला शेवाळं धरेपर्यंत गार पाण्याने अंघोळी केल्या आपण."

सर्वज्ञ पुढचा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे बोलले असतील तरी मला ऐकू आलं नाही.

मग मी मशीनच्या कंपनीला फोन लावला. एक मुलायम आवाज म्हणाला, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. माझे डोळे भरून आले. असली वाक्यं मी स्वतः मसुदा करून द्यायचो. तक्रार महत्त्वाची आहे असं सांगितलं की ती सोडवायची घाई राहत नाही, हे त्या व्यवसायातलं मर्म आहे. पुढे तो आवाज कशासाठी कोणता आकडा दाबायचा ते सांगू लागला. अर्थात स्पीकरवरच. मला कळलं ते इतकंच की ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी वेगळा आकडा आहे. कोणता, ते ऐकू आलं नाही. मी पुन्हा लावला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा लावल्यावर खालून मुख्याध्यापिकाबाईंचा शाळेतला आवाज आला, "तीन, भाऊ. तीन दाबा." मी तीन दाबला. त्या आवाजाने सांगितलं, आपला जवळचा दवाखाना गाठा. हेही बाईंनीच सांगितलं.

दवाखान्यात मॅडमनी फोनमधली जुनी जोडणी पुसली. मग मशीनं त्यांच्या डबीत ठेवून बाहेर काढली, म्हणजे ती झोपून उठल्यासारखी ताजी होतात. पुन्हा शोध लावला. दोन्ही कान दिसले, दोन्ही जोडले गेले. मॅडम शेजारच्या खोलीत जाऊन तिथून माझ्या फोनवर बोलल्या, "काका, येतंय का ऐकू?" आवाज कपाळाच्या बरोबर मागे आला. मी इतका हरखलो की पलीकडे बसलेल्या अनोळखी आजोबांना हात जोडून नमस्कार केला. त्यांनीही केला. त्यांनाही काही ऐकू आलेलं नसावं.

घरी आलो, फोन बघितला. पडद्यावर लिहिलं होतं: डावा कान जोडलेला आहे. उजवा कान जोडलेला नाही.

का नाही ते कुणी सांगेना. रस्त्यावर उभा राहिलो की दोन्ही कान जोडलेले, उंबरठ्याच्या आत आलो की उजवा गेला. कधी कधी दोन्ही जायचे, तेही नेमके संध्याकाळी तिच्या फोनच्या वेळी. म्हटलं, याला माझं घर आवडत नाही की काय. बायको नसलेलं घर मलाही आवडत नव्हतं, पण मी कुठे उठून जात होतो?

आणि मग सकाळचा तो प्रकार झाला. एरवी मी मशीनं अंघोळीनंतरच घालायचो, पण उजव्या कानाचा पत्ता लागेना म्हणून हल्ली उठल्या उठल्या घालत होतो. मी आरशासमोर दाढी करत होतो. उजव्या कानात, अगदी आतल्या बाजूला, एक बाई शांतपणे म्हणाली, "श्वास आत घ्या."

मी घेतला. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

"थोडा रोखा," बाई म्हणाल्या. मी रोखला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आता सावकाश सोडा. सोडताना मनातली सगळी ओझी सोडा." मी फेस लागलेल्या तोंडाने बाथरूममध्ये उभा राहून ओझी सोडली. मागे वळून बघितलं, कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा. आपलं डोकं गेलं असं माझं जवळजवळ ठरलं. पण गंमत अशी की तिसऱ्या दिवशी मी दाढी लवकर आटोपून कानातल्या बाईंची वाट बघत बसलो. घरात कोणीतरी माझ्याशी बोलत होतं, आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता.

शेवटी एका सकाळी दाढी अर्धी सोडून, धीर करून दवाखान्यात फोन केला आणि विषय दुसरीकडून काढला. मॅडमनी विचारलं, "काका, घरात दुसरा एखादा फोन, टॅब वगैरे आहे का? मशीनं आधी त्याला जोडली होती का कुणी?"

मी बेडरूममध्ये गेलो. पलंगाच्या डोक्याशी, चार्जरला लावलेला, बायकोचा टॅब होता. मशीनं आणली त्या दिवशी तिने ती आधी आपल्या टॅबला जोडून बघितली होती, आपल्या नवऱ्याला खरंच ऐकू येतं का याची खात्री करायला. त्याच टॅबवर रोज सकाळी तिचा श्वासाच्या व्यायामाचा वर्ग आपोआप सुरू व्हायचा. ती समुद्रापलीकडे गेली, वर्ग चालूच राहिला. मी घरात शिरलो की टॅब माझ्या मशीनला ओळखायचा आणि माझा फोन हात लावण्याआधी एक कान आपल्याकडे ओढून घ्यायचा.

"बंद करून टाका तो," मॅडम म्हणाल्या. "की झालं."

झालं खरं. पण बटणावर बोट ठेवून मी पलंगाच्या कडेला बराच वेळ बसून राहिलो. या घरात तिचं ठरल्या वेळी होणारं असं तेवढंच एक काही उरलं होतं. मग बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि त्यात माझा चेहरा दिसला, अर्धी दाढी केलेला.

मशीनं डबीत ठेवली, काढली, फोनला जोडली. डावा कान जोडला. उजवा कान जोडला. मी घरभर फिरलो, स्वयंपाकघरात, बाल्कनीत, परत. कोणी कुठे गेलं नाही.

संध्याकाळी फोन यायच्या वेळेपर्यंत मी काय बोलायचं ते घोकत होतो. घोकून घोकून तोंड कोरडं पडलं तेव्हा फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला आणि हाताला काहीतरी चाळा म्हणून बाल्कनीत धुतलेले कपडे वाळत घालू लागलो. तेवढ्यात दोन्ही कानांत घंटी वाजली. मॅडमनी सांगितलं होतं तसं उजव्या मशीनचं बारीक बटण दाबलं.

"हॅलो," बायको म्हणाली.

ती शेजारी नव्हती बसलेली. त्याहून जवळ होती. आवाज थोडा बसला होता, सर्दी झाल्यासारखा. मागे नात कुरकुरत होती.

"हॅलो," मी म्हणालो. "अगं, येतंय ऐकू. छान येतंय."

"हॅलो. हॅलो, अहो."

"बोल ना. मी ऐकतोय."

तिला काही ऐकू जात नव्हतं. माझ्या ध्यानात आलं की आवाज कानात येतो, पण जातो तो फोनमधूनच, आणि फोन आत ओट्यावर होता. मी आत जायला वळलो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काय झालं, आई? बाबा उचलत नाहीयेत का?"

"उचललाय. उचलून ठेवलाय कुठेतरी."

"मग ठेव, परत लाव."

"राहू दे गं," बायको म्हणाली. "चालू राहू दे थोडा वेळ. घर ऐकू येतंय."

मी ओला शर्ट हातात धरून तिथेच थांबलो. आत नळ ठिबकत होता, खाली ताट होतं. मला तो कधीच ऐकू आला नव्हता. आता माझ्या स्वयंपाकघरातला नळ माझ्या बायकोच्या फोनमधून फिरून माझ्या कानात येत होता.

"नळ तसाच आहे बघ," ती म्हणाली. "जन्मभर लोकांच्या नळांच्या तक्रारी घेतल्या यांनी." मग जरा थांबून, "भांडी घासलेली दिसतात. ताट रिकामं वाजतंय."

"आई, तू जा ना परत. मी करीन काहीतरी. तू रोज रडवेली होतेस फोन झाला की."

"कशाला जाऊ? विचारलं तर पटकन उत्तम म्हणाले. कधी येतेस म्हणून एका शब्दाने नाही विचारलं. बरं चाललंय त्यांचं." नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि तुला सोडून तरी कशी जाऊ? इथे नसले तर तुझी काळजी, इथे असले तर त्यांची. मला कुठेच करमेना झालंय."

मी आत गेलो. ओट्यावरचा फोन उचलून तोंडासमोर धरला. दिवसभर घोकलेलं सगळं पुसलं गेलं होतं.

"तू तिकिटाचं विचारलंस ते मला ऐकूच आलं नव्हतं," मी म्हणालो. "मला वाटलं, तू पडद्यांबद्दल बोलतेयस."

पलीकडून अगदी हळू, एरवी मला कधीही ऐकू आला नसता अशा आवाजात, "तुम्ही कधीपासून आहात फोनवर?"

"नळापासून."

ये, असं म्हणायचं ठरलं होतं. पण मागे ती तान्ही रडू लागली होती आणि मुलगी तिला थोपटत होती, आणि मुलीचा तो दमलेला, झोप न झालेला आवाजही मला आज पहिल्यांदाच इतका स्पष्ट येत होता. मी म्हणालो, "मी येऊ का तिकडे?"

इतका वेळ काहीच आलं नाही की मी फोन डोळ्यांसमोर धरून बघितला. डावा कान जोडलेला होता. उजवाही.

"तुम्हाला विमानात ऐकू येईल का काही?" ती म्हणाली.

"नाही आलं तर 'येस' म्हणणार नाही. विचारीन परत."

मग तिचा आवाज बदलला, नेहमीचा झाला, घरातला. "पासपोर्ट कुठे आहे, माहितेय का?"

मला माहीत नव्हतं. मग ती सांगू लागली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लोकरीच्या कपड्यांच्या मागे, निळ्या पिशवीत. काढायला स्टुलावर चढू नका, खुर्ची घ्या. मुदत बघा. संपली असेल तर फोटो नवीन लागेल, तो काढताना हसू नका आणि दाढी पूर्ण करून जा. स्वेटर जाड घ्या. गुडघ्याचं मलम हातातल्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत टाका. शब्द न् शब्द येत होता, आणि दोन शब्दांच्या मधला तिचा श्वासही.

"कळलं ना सगळं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "परत सांग." आणि खुर्ची ओढून बसलो.